जमिनीचा ओलावा आणि निचरा, भाग दुसरा

"अध्यक्षसाहेब, पुस्तकांचं वाटोळं तुम्ही केलंत. मी नाही!"

बाइंडर बोलला आणि वाचनालयाच्या बैठकीत चहाचे सात कप तोंडापर्यंत जाऊन थांबले. एकतीस वर्षं हा माणूस मागच्या खोलीत मान खाली घालून पुस्तकं शिवत होता. त्याला तोंडही आहे हे समितीला आज कळलं.

"तीन वर्षं वाळवीचं औषध मागतोय. मिळालं काय, तर नोटीस!"

नोटीस अध्यक्षांच्याच सहीची होती. बाइंडर कामाच्या वेळी ई-रीडरवर वाचतो, हा ग्रंथद्रोह आहे. यंत्र आजच्या बैठकीत जमा करावं, नाहीतर उद्यापासून घरी बसावं.

द्रोह कसला, तोही ऐका. ई-रीडर त्याच्या लेकीने दिला होता. "बाबा, यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं," ती म्हणाली होती. पण बाइंडरचं खरं दुखणं डोळ्यांचं नव्हतं. फाटकं पुस्तक शिवता शिवता तो ते वाचायचा. गोष्ट रंगात आली की नेमकी खळ लावून पुस्तक शिकंज्यात आवळायची वेळ यायची. मग दोन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. ओली बांधणी उघडली की कणा मोडतो. अशा अर्ध्यावर लटकलेल्या गोष्टी घेऊन त्याने एकतीस वर्षं काढली.

आता पुस्तक शिकंज्यात गेलं की तो तेच ई-रीडरवर पुढे वाचायचा. हात खळीने बरबटलेले असले तर कोपराने पान उलटायचा. पुस्तक सुटलं की उरलेलं पुन्हा कागदावर, वास घेत घेत. कुणी करंट्याने पानं फाडून नेलेली असली तर ती ई-रीडरवरून वळणदार अक्षरात उतरवायचा आणि जागच्या जागी शिवून टाकायचा. आणि हा म्हणे पुस्तकांचा वैरी!

महिन्यापूर्वी भिंतीवर मनाईचा फलक लागला, तेव्हा त्याने यंत्र लपवलं. 'जमिनीचा ओलावा आणि निचरा, भाग दुसरा' या ग्रंथाची सगळी पानं वाळवीने फस्त केली होती. उरलं होतं फक्त हिरवं कापडी कव्हर. बाइंडरने आत पुठ्ठ्याचे थर चिकटवले, मधोमध खाच कोरली आणि ई-रीडर तिच्यात नीट बसवला. कोपरा झिजला होता, तिथे लेकीच्या जुन्या फ्रॉकचं पिवळं ठिगळ लावलं. हा ग्रंथ बावीस वर्षांत एकानेही नेला नव्हता. याहून सुरक्षित जागा कुठली?

पण काल तो दाढदुखीने घरी राहिला. आज येऊन बघतो तर टेबल रिकामं. ग्रंथपाल बाई तयार पुस्तकं उचलून घेऊन गेल्या होत्या. कपाट धुंडाळलं, तिथेही हिरवं काही नाही. नोकरी तर टांगणीला होतीच, पण त्याची खरी चुटपुट वेगळीच होती. एक रहस्यकथा तो वाचत होता. वाचनालयाच्या प्रतीतली शेवटची आठ पानं कुणीतरी लांबवली होती, म्हणून शेवट ई-रीडरवर चालू होता. दोन पानं उरली होती. दोन!

"यंत्र काढ," अध्यक्ष म्हणाले.

"हरवलंय."

सदस्य फिदीफिदी हसले.

"अरे, लाज वाटू दे जरा!" अध्यक्ष उठले. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून सगळ्यांसमोर उंच धरलं. "हे बघ. याला म्हणतात ग्रंथ! हे वजन, ही बांधणी! काल दुपारी बाईंकडून नेला आणि एका बैठकीत संपवला. शेवटचं पान मिटलं तेव्हा डोळे भरून आले माझे."

पुस्तक हिरवं होतं. कोपऱ्याला पिवळं ठिगळ होतं.

बाइंडरची दाढ ठणकायची थांबली. बावीस वर्षं जे कुणी वाचत नाही ते अध्यक्षच नेणार, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

"सगळं वाचलंत, साहेब?"

"पानन् पान!"

"मधलं गाळलं नाही?"

"मला शिकवतोस तू?"

"नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पण एवढं वाचलंयत, तर एकच शंका आहे."

त्याने पुस्तक अध्यक्षांच्या हातातून अलगद घेतलं, टेबलावर ठेवलं आणि कव्हर उघडलं. ग्रंथपाल बाई "अगं बाई!" म्हणून खुर्चीतच मागे सरकल्या. बाइंडरने सवयीने कोपरानेच कळ दाबली. पडदा उजळला. सोडलं होतं तेच पान. इन्स्पेक्टरने सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं आणि त्याचं बोट वर उचललेलं होतं.

बाइंडरने पडद्यावर पंजा ठेवला आणि अध्यक्षांच्या डोळ्यांत बघितलं.

"बोला, साहेब. खून कुणी केला?"