तान्हेपणीची झोळी

भिंतींना सहा कड्या होत्या: दोन लांडीच्या झोळीच्या, दोन तिच्या नवऱ्याच्या, फ्रेडीच्या, आणि दोन येणाऱ्या बाळासाठी कालच ठोकलेल्या. मेक्सिकोतल्या युकातानच्या त्या घरात खाट नव्हतीच; सगळे झोळीतच निजत. बाळासाठी जागा करताना फ्रेडीची मासळीची जाळी अंगणात गेली होती.

नव्या कड्यांना लांडीने आईने विणलेली, स्वतःच्या तान्हेपणीची झोळी टांगली. आई गेली, तरी धाग्यांना तिच्या साबणाचा वास होता.

“पोरी, बाळाच्या आधी झोळी टांगू नये. कुणीही येऊन निजतं,” सासूबाई म्हणाल्या.

“मांजर निजेल, दुसरं कोण!” लांडी हसली.

दुपारी वारा पडला, तरी झोळी हलत होती. मधोमध कुणी निजल्यासारखी खोलगट झाली होती. मांजर उंबरा ओलांडेना. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं.

लांडीने झोळी उतरवून फ्रेडीच्या मासळी तोलायच्या काट्याला अडकवली.

मुठीत मावणारी ती रिकामी झोळी तीन किलो दोनशे ग्रॅम भरली.