मागे कोणी नाही

“‘मुलीच्या निष्काळजीपणामुळे’ हे कोणी लिहिलं?”

बस चालवणारी बाई अजून गणवेशातच होती. पहाटेपासून बस हाकून ती आत्ता कुठे घरी पोचली होती, आणि जिना चढायच्या आधीच सेक्रेटरींनी तिच्या हातात कागद ठेवला होता. अंगणात खुर्च्या टाकून बिल्डिंगमधली बरीच मंडळी बसली होती. कागदावर ठराव होता. काल संध्याकाळी एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे मोठा अपघात होता होता टळला, सबब दहा वर्षांखालील मुलांनी पालक सोबत असल्याशिवाय अंगणात खेळू नये. खाली अकरा सह्या.

ती मुलगी म्हणजे तिची भिंगरी. वय वर्षं सहा. कोपराला पट्टी बांधून पायरीवर उभी होती आणि आपल्याविषयी काय चाललंय ते टकामका बघत होती.

“भाषा जरा इकडेतिकडे झाली असेल,” सेक्रेटरी म्हणाले. “मुद्दा मुलांच्या काळजीचा आहे.”

“आणि खरं सांगायचं तर,” दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “आई दिवसभर बाहेर. पोर वाऱ्यावर. आमच्यासारख्यांनी गाडी चालवायची तरी कशी?”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगरीचा बाप काल चारपासून खिडकीत बसून होता, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. ते एक असू दे. पण पोरीला खाली सोडण्याआधी तिने महिनाभर रोज तिची उलटतपासणी घेतली होती. बॉल फाटकाबाहेर गेला तर? जाऊ द्यायचा. गाडीचा आवाज आला तर? हातातलं टाकायचं आणि पायरीवर यायचं. काल पोरीने नेमकं तेच केलं. तीनचाकी तिथेच टाकून पळाली, पायरीवर आपटली, कोपर सोललं. रिव्हर्स घेतलेली डॉक्टरांची गाडी तशीच येत राहिली आणि तीनचाकीचा चेंदामेंदा झाला.

“शिकवलं तशी वागली ती,” बाई म्हणाली. “मग निष्काळजी कोण?”

तळमजल्यावरच्या काकू पुटपुटल्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“मी आरशात बघूनच गाडी मागे घेतली,” डॉक्टर म्हणाले. “मागे कोणी नव्हतं.”

“किल्ली द्या.”

“काय?”

“गाडीची किल्ली माझ्याकडे द्या, आणि जाऊन सीटवर बसा.”

खच्चून भरलेल्या बसला ‘आत सरका’ म्हणायचा तो आवाज होता. डॉक्टरांनी किल्ली दिली. बाईने ती खिशात टाकली, कागद सेक्रेटरींच्या मांडीवर ठेवला, अंगणातली झाडून सगळी पोरं गोळा केली आणि गाडीच्या मागे नेली.

“बसा उकिडवे. मी सांगेपर्यंत कोणी उठायचं नाही.”

मग तिने हाक दिली, “डॉक्टर, आता बघा आरशात. तिन्ही आरशांत बघा. किती पोरं दिसतात?”

डॉक्टरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान उंचावून मधल्या आरशात पाहिलं. “कोणी दिसत नाही.”

“नंबर म्हणा रे.”

“एक!” गाडीमागून आवाज आला. “दोन!” “तीन!” सातवा आवाज भिंगरीचा होता आणि तो सगळ्यांत मोठा होता.

डॉक्टरांनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. “अहो, मग हेच तर मी म्हणतोय! दिसतच नाहीत. म्हणूनच पोरं खाली नकोत!”

दोनचार माना डोलल्या. सेक्रेटरींनी कागद सहीसाठी पुढच्या माणसाकडे सरकवला.

“मी रोज आगारात बस मागे घेते,” बाई म्हणाली. “कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय चाक हलवत नाही. तो नसला तर मीच उतरते, बघते, परत चढते. मला दिसत नाही म्हणून तुम्ही घरात बसा, असं आजवर कोणाला सांगितलं नाही.” तिने पुढे सरकवलेला कागद उचलला आणि सेक्रेटरींच्या मांडीवर परत ठेवला. “खोडा ते. आणि लिहा. मागे मोठं माणूस उभं असल्याशिवाय अंगणात कोणीही गाडी मागे घ्यायची नाही.”

“हे काहीतरीच!” डॉक्टर उसळले. “रोज उठून गाडीमागे उभं राहायला माणूस कुठून आणू मी?”

“आणि रोज उठून पोरामागे उभं राहायला माणूस आम्ही कुठून आणणार होतो?”

हे बाई बोलली नव्हती. सेक्रेटरींच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नर्सबाई बोलल्या होत्या. अकरावी सही त्यांचीच होती. बोलून झाल्यावर त्यांनाच थोडं नवल वाटल्यासारखं झालं. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दवाखान्यात पेशंट येऊन बसला असणार. ते गाडीतून उतरले आणि मागे गेले. पोरं अजून तशीच होती, उकिडवी, ओळीने. एकाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तो हात टेकून तोल सावरत होता. पण उठला नव्हता.

“उठा रे. झालं आता,” डॉक्टर म्हणाले.

कोणी उठलं नाही. सातही जणांनी बाईकडे पाहिलं.

बाई सेक्रेटरींच्या पेनाकडे बघत होती.