मुकुटाचं पान

"गाडी पाठवून नेलं पोपटला," नाथाची बायको आवडाबाई म्हणाली, आणि त्याच्या हातातली कोरायची नऱ्हाणी फणसाच्या पानावरून घसरली. सकाळभर कोरलेला मोर मानेपासून फाटला.

कल्याणच्या बाजारात तिने ऐकलं ते असं. ठाण्याच्या कचेरीत मुकुट कोरलेलं एक पान आलंय. मोठा साहेब ते काचेखाली ठेवून भिंगातून बघतो. असलं काम करतो कोण, अशी विचारणा झाली, लोकांनी पोपटचं नाव सांगितलं आणि सरकारी गाडी त्याच्या दारात उभी राहिली. आता त्याला तिथंच ठेवून घेतलंय. दोन्ही वेळचं जेवण सरकारचं. त्याची बायको चित्रा तर पाणवठ्यावर कोणाशी बोलतसुद्धा नाही.

"बोलेल कशाला? बडी माणसं झाली ती," नाथा म्हणाला.

त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पान त्याचं होतं! साहेबाला नजर करायचंय म्हणून एक परगावचा माणूस मुकुटाचं चित्र घेऊन आलेला, आणि नाथाने डोळे फोडून ते कोरलेलं. पोपट काय कोरणार, कपाळ! जन्मभर हे असंच. गणपतीची आरास नाथाने करायची आणि वाहवा पोपटची व्हायची, कारण पोपटला तोंड होतं आणि नाथाला नुसते हात. आवडाबाई म्हणाली, जाऊ द्या, कशाला जिवाला लावून घेता. पण नाथाने ताजी पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आगगाडीने ठाणं गाठलं.

कचेरीत कोणी दाद देईना. शिपायाने त्याला ओट्यावर बसवलं ते उन्हं कलली तरी आत सोडेना. शेवटी वैतागून नाथा सरळ आत घुसला. ते मुकुटाचं पान पोपटचं नाही, माझं आहे, असं त्याने कारकुनाला एका दमात सांगून टाकलं.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. नाथाला बसवलं, पाणी मागवलं. इतकं मन लावून त्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

नुसतं सांगून भागेल का, असं कारकुनाने विचारलं, तेव्हा नाथाला चेव आला. पोपट पान सुलटं धरून कापतो, मी पालथं धरून, म्हणून माझ्या नक्षीची कड आत वळते, बघा काचेखाली, असं म्हणत त्याने तिथंच मांडी घातली आणि दुसरा मुकुट कोरून दिला. कारकुनाने दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. केसाचाही फरक नव्हता.

"दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही ना याला?"

"माझ्या बायकोचासुद्धा नाही," नाथा म्हणाला. "नाव माझं लावा रावसाहेब. नाथा काळुराम, कल्याण."

कारकुनाने नाव लावलं. मग शिपायाला हाक मारली.

"मिठागरातलं मीठ चोरल्यावर कळू नये म्हणून चोर ज्या पानातून राख चाळून राशींवर खोटा सरकारी मुकुट पुन्हा उठवायचे ना, ते पान याने कोरलंय. पोपटची बेडी काढ आणि याला घाल."