पुसलेलं चित्र

चित्रकार रोज एक चित्र काढायचा आणि बायको त्याचा व्हिडिओ टाकायची. लोकांना चित्रापेक्षा शेवटी त्यावर पांढरा रंग फासतानाचा क्षणच जास्त आवडतो, हे तिनं बरोबर हेरलं होतं. त्यामुळे बघणारे लाखो होते, कॅनव्हास एकच पुरत होता, आणि चित्र मात्र आजवर एकही खपलं नव्हतं.

एके दिवशी एक मावशी पत्ता शोधत, धापा टाकत जिना चढून आल्या. "ते तोंडावर पेपर घेऊन खुर्चीत झोपलेल्या आजोबांचं चित्र द्या हो मला. आमचे हे अगदी अस्सेच झोपायचे. डोळे भरून आले, व्हिडिओ अर्ध्यातच बंद केला मी. ते गेल्यापासून ती रिकामी खुर्ची बघवत नाही. पैसे आणलेत मी."

पहिलंच गिऱ्हाईक! चित्रकारानं मान खाली घातली. कॅनव्हासवर आज पिवळी फुलदाणी होती. "मावशी, ते आजोबा याच्याच खाली आहेत. वरून पांढरा फासला मी."

मावशींनी फुलदाणीवरून हलकेच हात फिरवला. "खाली आहेत ना? मग हेच द्या. दिसले नाहीत म्हणून काय झालं? देवाला तरी कुठं बघून हात जोडतो आपण?"

चित्रकाराला हुंदका आवरेना.



"मावशी," बायको फोन सरसावत म्हणाली, "एवढं वाक्य पुन्हा एकदा म्हणता का? जरा खिडकीकडे तोंड करून."