बोट लावायचं नाही

“सांगाडा तोच ठेवा. फक्त आर्म बदला,” गॅरेजमधल्या टेबलावरच्या रोबोला थोपटत चारुदत्तने निकाल दिला.

शाळांच्या रोबो-स्पर्धेचा यंदाचा नवा खेळ नुकताच जाहीर झाला होता. गेल्या वर्षी चेंडू फेकायचे होते. आता चेंडू गेले. मऊ ठोकळे उचलून हलत्या मनोऱ्यांवर रचायचे होते. चारुदत्तच्या मुलीच्या, इराच्या टीमला जुना रोबो बाजूला सारून पहिल्यापासून सुरुवात करायची होती. इरा कॅप्टन होती आणि शाळेचं तिचं हे शेवटचं वर्ष. ऑकलंडची फेरी जिंकली तर पुढे देशाची अंतिम फेरी, नाहीतर खेळ खलास.

“खेळ दरवर्षी बदलतो, मेकॅनिक्स बदलत नाही,” चारुदत्त म्हणाला. पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात घडलेला माणूस. आत्मविश्वासाची टंचाई त्याला कधीच भासली नव्हती.

इराने शेजारी उभ्या असलेल्या, टीममधल्या अबोलीकडे पाहिलं. वाद घालण्यात इरा बापाच्या वरताण, पण त्या दिवशी एवढंच म्हणाली, “स्वीट ॲज, बाबा. चालेल. यू नो बेस्ट.”

लेक शहाणी झाली म्हणून चारुदत्तला मनापासून आनंद झाला.

स्पर्धेचा एक नियम कडक होता. रोबो मुलांनीच बनवायचा. मोठ्यांनी बोट दाखवावं, बोट लावू नये. लावलं की टीम बाद. नियम चारुदत्तला पाठ होता. पण शुक्रवारी तो ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या घरातूनच काम करायचा, आणि गॅरेजचं दार स्वयंपाकघरातच उघडायचं. पहिल्या शुक्रवारी त्याने एक सैल स्क्रू आवळला. स्क्रू आवळणं म्हणजे काही रोबो बनवणं नव्हे. पुढच्या शुक्रवारी त्याने अख्खा आर्म खोलून पुन्हा बसवला. चंचुप्रवेशाचा मुसळप्रवेश व्हायला असा कितीसा वेळ लागतो?

मुलांच्या काहीच लक्षात येत नव्हतं. उलट गुरुवारी जेवताना इरा स्वतःच कुरकुर करायची. “बाबा, ग्रिपर जॅम होतोय. हीप्स ऑफ फ्रिक्शन.” शुक्रवारी चारुदत्त ठोकळे पकडणारा तो ग्रिपर लोण्यासारखा चालता करून ठेवायचा. हे काम त्याला ऑफिसच्या कामापेक्षा फार गोड लागत होतं.

मुलं मात्र कायम अबोलीकडे. कॉम्प्युटरवर रोबो चालवायची प्रॅक्टिस म्हणे.

“यांना हात काळे करायला नकोत,” तो बायकोला म्हणाला.

वासंती अबोलीकडे पाठवायचा डबा भरत होती. डबा चांगला मोठा होता. “दमतात रे पोरं,” ती म्हणाली आणि आणखी दोन पोळ्या त्यात कोंबल्या.

स्पर्धेच्या दिवशी मुलांनी बंद खोका उचलून अबोलीच्या आईच्या व्हॅनमध्ये ठेवला. चारुदत्त मागून निवांत पोचला. रोबो जिंकणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

हॉलमध्ये पोचला तेव्हा इराच्या टेबलाशी परीक्षक बाई आल्या होत्या. पोरांच्या घोळक्यामागे तो उभा राहिला. “किया ओरा,” असा माओरी नमस्कार करून बाईंनी सुरुवात केली. थोडं इकडचं तिकडचं विचारून झालं, मग त्या म्हणाल्या, “या रोबोला कुणा मोठ्या माणसाने हात लावलाय?”

“नाही,” इरा म्हणाली. बाईंच्या डोळ्यांत बघून.

चारुदत्तने मागून ते ऐकलं. म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं, आणि बापाला सांभाळायला ती चारचौघांत खोटं बोलत होती. हौस त्याची आणि खोटं तिच्या तोंडी. त्याला स्वतःची लाज वाटली. बोललो तर टीम बाद होईल, इरा वर्षभर तोंड बघणार नाही, हे त्याला दिसत होतं. पण अशी जिंकलेली इरा त्याला नको होती.

घोळक्यातून वाट काढत तो पुढे झाला.

“मी लावलाय हात,” तो इंग्रजीत म्हणाला. “आर्म मी बसवला, ग्रिपरही मीच केला. मुलांनी मला बोलावलं नव्हतं. चूक माझी आहे, त्यांना शिक्षा करू नका.”

अबोलीने डोळे मिटून घेतले. इरा काहीतरी बोलणार होती, पण बाईंनी तिला हाताने थांबवलं.

“दाखवा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “यातलं नेमकं काय तुम्ही केलंत?”

मुलं बाजूला झाली. चारुदत्त टेबलावर वाकला. समोर एक बुटका, रुंद रोबो होता. त्याला आर्म नव्हता, ग्रिपर नव्हता. सांगाडाही वेगळाच. चारुदत्त त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला, पण एकही स्क्रू त्याच्या ओळखीचा निघाला नाही.

“तुझा रोबो बाहेर व्हॅनमध्ये, खोक्यातच आहे, बाबा,” इरा हळूच मराठीत म्हणाली. “दर गुरुवारी तो मीच बिघडवायचे.”