सुतार आला

वणव्यानंतर डोंगरावरची चीडाची जळकी झाडं तोडू नका, म्हणून वसुधा वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. ती चंदीगडच्या विद्यापीठात जंगलांवर संशोधन करायची. जळक्या खोडांतच सुतारपक्षी घरटी करतात, त्यांच्या मुळांनीच माती धरून ठेवलेली असते, हे तिने कितीदा सांगितलं. वनखात्याचे साहेब नुसते हसले. "मरे हुए पेड़ हैं, मैडम जी."

डोंगर बोडका झाला. आणि तिच्याच नवऱ्याने, शिशिरने, इंडस्ट्रियल एरियातून त्याच लाकडाचं कपाट स्वस्तात उचलून आणलं!

तेव्हापासून कपाटातून टकटक ऐकू यायची.

"अगं, कीड लागली असेल," शिशिर म्हणाला. "सुतार बोलव."

सुतार रोज टांग मारत होता. आजही भर दुपारी त्याचा फोन आला, "कल पक्का, जी." वसुधाने चिडून फोन सोफ्यावर आपटला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकीने हाक मारली. स्वानंदीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच. "मम्मी, सुतार आ गया."

"कुठला सुतार? तो उद्या येणारे."

"वो नहीं. आपका वाला. चोंचवाला."

टकटक थांबली होती. वसुधा आत धावली. कपाटाच्या मागच्या फळीला एक गोल, ताजं भोक पडलं होतं आणि स्वानंदीचा हात त्यात खांद्यापर्यंत गेला होता. कपाट तर भिंतीला चिकटून उभं होतं.

"बच्चे हैं, मम्मी," ती कुजबुजली. "बहुत गरम हैं."