चष्मा घातला की बाई

आईने चष्मा घातला आणि खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या पोरीने निमूटपणे पाय खाली सोडले. नियम पोरीनेच काढला होता: चष्मा घातला की बाई, काढला की आई. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाळा भरायला लागल्यापासून दोघी तो पाळत होत्या.

दाराशी नवरा पान्हे-पक्कड पिशवीत भरत होता. कुणाचा तरी फ्रिज बंद पडला होता.

"शाळेला आज कळवायचंय," तो म्हणाला. "हिचं नाव ठेवायचं की काढायचं?"

"ठेवलं काय नि काढलं काय, लोक नावं ठेवणारच."

"आमचे बाबा म्हणायचे, नात नाव काढेल. शाळेतून काढेल असं नव्हते म्हणाले."

हसू कुणालाच आलं नाही. शाळेत पोर एक शब्द बोलायची नाही, रोज पोट दुखतं म्हणून रडायची. घरी बसल्यापासून पोट दुखत नव्हतं आणि तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू. मग नाव काढायला अडतंय कुठे? तेच तर आईला कळत नव्हतं. गणित चुकलं की आपला आवाज चढतो, एवढं मात्र कळायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

"हातचा कुठे गेला? कालच सांगितलं ना? लक्ष कुठंय तुझं?"

पोर दचकली. खोडरबरासाठी तिने घाईघाईने टेबलाचा खण ओढला आणि परत ढकलताना बोट त्यात चेमटलं.

"बघू, दाखव," आई उठलीच.

पोरीने हात पाठीमागे लपवला. डोळे भरले होते, पण हुंदका ती गिळत होती. मग अगदी हळू, अदबीने म्हणाली,

"बाई, माझ्या आईला बोलवा ना."

आईने चष्मा ओढून काढला आणि पोरीला पोटाशी धरलं. चष्मा जवळचं बघण्यासाठी होता. कुशीतला चेहरा तिला धूसर दिसायला लागला.

नवऱ्याने पिशवी खांद्याला लावली. "मग? काय सांगू शाळेला?"

"थांब जरा." तिने ते बोट डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरून पाहिलं. "मला काही नीट दिसत नाहीये."